डॉक्टरेट, व्हाया आंबा घाट

नॅनोफेराइटमध्ये पीएचडी करू पाहणाऱ्या होतकरूंसाठी, विशेषतः संगमेश्वर तालुक्यातल्या

एमएस्सी फिजिक्स झालं. तासिका तत्त्वावर कुठंतरी शिकवताय, मानधनाचं बिल कुणाच्या तरी टेबलावर पडलंय आणि घरच्यांनी ‘पुढं काय?’ विचारणं सोडून दिलंय. म्हणजे तुम्ही पीएचडीला लायक झालात. एवढ्यात अभिनंदन करत नाही. अभिनंदनाचा फ्लेक्स पुढं देवरुखच्या नाक्यावर लागायचाच आहे, तुमच्या अर्धवट डोळे मिटलेल्या फोटोसकट.

विषय कुठला घ्यावा याची काळजी नको. विषय ठरलेला आहे: नॅनोफेराइट. कोल्हापूर, सोलापूर, संभाजीनगर या पट्ट्यात हे पीक कित्येक वर्षं निघतंय आणि घाटाखालच्या माणसालाही ते मानवतं. कारण साधं आहे. बीकर, हॉटप्लेट आणि एक भट्टी एवढ्यावर भागतं. बाकीची यंत्रं दुसऱ्याची असतात. कुणाचं ऐकून क्वांटम कॉम्प्युटरच्या वाटेला गेलात, तर पहिल्याच महिन्यात द्रवरूप हेलियम आणा म्हणतील. संगमेश्वरात द्रवरूप म्हणून खात्रीनं मिळतं ते पावसाचं पाणी आणि कोकमाचं आगळ.

शीर्षकात ‘नॅनो’ मात्र हवंच. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. एवढी बारीक वस्तू कुणी हातात घेऊन तपासत नाही, हा तिचा पहिला गुणधर्म.

१. विषय नको, धातू निवडा

फेराइट म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड आणि सोबतीला आणखी एखादा धातू. माल जुना आहे. टोकियोत काटो आणि ताकेई या दोघांनी १९३० मध्ये फेराइट बनवलं आणि ते बाजारात आणायला १९३५ मध्ये टीडीके कंपनी निघाली. त्या नावाच्या कॅसेटवर ज्यांनी भावगीतं भरून घेतली, ते आता निवृत्त झाले असतील. आजोबांच्या ट्रान्झिस्टरमधली काळी कांडी फेराइटची. लॅपटॉपच्या वायरला टोकाशी जी गाठ दिसते, तिच्या पोटातही फेराइटच.

आतली रचना, नाव तिचं स्पिनेल, पाठ करून ठेवा, व्हायव्हाला विचारतात. एका युनिट सेलमध्ये ऑक्सिजनचे ३२ अणू. त्यांच्या मधल्या फटींत धातूंना बसायला दोन तऱ्हेच्या जागा. ए जागा ६४, त्यातल्या भरतात ८. बी जागा ३२, भरतात १६. उरलेल्या कायम रिक्त. (प्राध्यापकांच्या जागांचं तुम्हाला जे वाटलं, ते मलाही वाटलं, पुढं चला.)

आता ए आणि बी या एकाच घराण्याच्या दोन वाड्या धरा. दोघींची तोंडं विरुद्ध दिशांना, ही भावकीची रीतच. बी वाडीत माणसं जास्त, म्हणून ओढाओढीत तिचा जोर शिल्लक राहतो. हा शिल्लक जोर म्हणजे फेराइटचं चुंबकत्व. लुई नील या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९४८ मध्ये हे मांडलं आणि १९७० मध्ये नोबेल नेलं. यात झिंक घाला. झिंकला स्वतःचं चुंबकत्व नाही, दाव्यात तो कुणाच्याच बाजूनं उभा राहत नाही. पण येऊन बसतो ए वाडीत, आणि तिथल्या लोखंडाला बी वाडीत पिटाळतो. ए दुबळी झाली, बी बळावली, शिल्लक वाढली. झिंक प्रमाणाबाहेर गेलं, की समोरच्या वाडीत तोडीस तोड कुणी उरत नाही आणि बी वाडीतली माणसं आपापसांत भांडायला लागतात. शिल्लक घसरते. हे भांडण याफेत आणि किटेल यांनी १९५२ मध्येच लिहून ठेवलंय.

म्हणजे तुमच्या प्रबंधाचा निकाल सत्तर वर्षांपूर्वी लागलेला आहे. घाबरू नका, ही सोय आहे. आलेख आधी वर जाणार आणि मग खाली येणार हे माहीत असल्यावर मोजमाप चुकलं तरी लगेच कळतं आणि दुरुस्त करून घेता येतं.

शीर्षकाचा साचा असा: ‘अमुक-मिश्रित तमुक फेराइट नॅनोकणांचे संश्लेषण आणि त्यांचे संरचनात्मक व चुंबकीय गुणधर्म’. तमुकच्या जागी कोबाल्ट, निकेल किंवा तांबं. अमुकच्या जागी झिंक, मॅग्नेशियम, क्रोमियम, ॲल्युमिनियम. ते संपले की लँथनम, गॅडोलिनियम, डिस्प्रोशियम. प्रमाण ०, ०.२, ०.४, ०.६, ०.८ आणि १. झाले सहा नमुने. संरचनेवर एक शोधनिबंध, चुंबकत्वावर दुसरा, विद्युत गुणधर्मांवर तिसरा. शिजवायचं एकदाच. आवर्त सारणीत ११८ घरं आहेत, नातवंडांपर्यंत पुरतील.

२. नायट्रेट पावसाळ्याआधी तोला

हे कुठल्याही शोधनिबंधात सापडणार नाही, म्हणून नीट वाचा. फेरिक नायट्रेटचे खडे फिकट जांभळे, दिसायला गोड. हवेतलं पाणी ओढण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पुण्याला बाटली उघडी राहिली तर खडे जरा ओलसर होतात. संगमेश्वरात जुलैमध्ये उघडी राहिली, तर संध्याकाळपर्यंत बाटलीत तपकिरी पाक तयार. त्यातून तुम्ही चमच्यानं जे तोलता, त्यात लोखंड किती आणि शास्त्री नदीच्या खोऱ्यातली हवा किती, हे तराजूला सांगता येत नाही. तराजूचे आकडे स्वतःच खालीवर नाचत असतात, तो भाग वेगळा.

उपाय: मे महिन्यातच सगळं तोलून, पुड्या करून, डेसिकेटरमध्ये ठेवा. डेसिकेटर नसेल तर तांदळाच्या डब्यात अजिबात ठेवू नका, आई ओळखते. आणि प्रमाण चुकलंच, तरी शोधनिबंधात ‘०.२’ असंच लिहा. ०.२३७ लिहिलंत तर समीक्षकाला वाटेल तुम्ही काहीतरी नवीन केलंय, आणि मग तो प्रश्न विचारील.

३. पेटवा

सोल-जेल ऑटो-कंबशन. नाव भारदस्त आहे, कृती अशी: नायट्रेटं पाण्यात विरघळवा. सायट्रिक ॲसिड घाला. किराणा दुकानात याला लिंबूसत्व म्हणतात, पण बिल केमिकलवाल्याचंच घ्या. अमोनियाचे थेंब सोडत सोडत पीएच ७ वर आणा. या टप्प्यावर डोळ्यांतून पाणी येईल. ते अमोनियाचं, शिष्यवृत्तीचं नंतर येतं. मग हॉटप्लेटवर ८०-९० अंशांवर ठेवा, आत चुंबकाची कांडी फिरत राहू द्या.

तीन-चार तास काही घडत नाही. मग द्रव दाटतो, कांडी अडखळते, एका जागी थरथरते आणि थांबते. आता कांडी काढा, आच वाढवा आणि चेहरा मागं घ्या. जेल फुगतो, बुडबुडे येतात, तपकिरी धूर निघतो आणि एका कडेला ठिणगी पडते. ती ठिणगी आतल्या आत रांगत सगळ्या बीकरभर फिरते आणि मागं काळपट, फुसफुशीत राख ठेवून जाते. मूठभर द्रवाचं बीकरभर होतं. पंखा लगेच बंद करा, नाहीतर सहा महिन्यांचं संशोधन शेजारच्या वनस्पतिशास्त्र विभागात जाऊन बसेल.

चिमूटभर भुकटी कागदावर घ्या आणि कागदाखालून चुंबक फिरवा. भुकटी केसासारखी उभी राहते, चुंबकामागं चालत येते. इथं थोडा वेळ थांबायला हरकत नाही. प्रबंधात या क्षणासाठी प्रकरण नाही, आणि पुढच्या चार वर्षांत एवढी मजा परत येणार नाही.

तपकिरी धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा असतो. फ्यूम हूड चालत नसेल तर खिडकी उघडा. खिडकीबाहेर प्राचार्यांची गाडी उभी नाही ना, ते आधी बघा.

४. हरित व्हा

‘ग्रीन सिंथेसिस’ शब्द घातला, की शोधनिबंधाला मागणी वाढते. परसात जे उगवतं ते उकळून घाला. तुळस झाली, कोरफड झाली, शेवगा झाला. तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले. हापूसचं पान घ्या. जीआय मानांकन फळाला आहे, पानाला नाही, पण परदेशी समीक्षकाला ते कुठं ठाऊक? नायट्रेट तेच, धूर तोच, भट्टी तीच. पान घातलं की पर्यावरणपूरक.

पुण्याच्या एनसीएलमध्ये मुरली शास्त्री यांच्या गटानं २००६ मध्ये फ्युझेरियम आणि व्हर्टिसिलियम या बुरशांकडून नेहमीच्या तापमानाला मॅग्नेटाइटचे नॅनोकण बनवून घेतले होते, भट्टीशिवाय. ते खरोखर हरित होतं. अशा गोष्टींचा संदर्भ द्यावा, अनुकरण करू नये. बुरशीला वेळ लागतो आणि तिला सहा महिन्यांच्या प्रगती अहवालाचं गांभीर्य नसतं.

५. भट्टी लावा, महावितरणला दंडवत घाला

कृती सांगते: ७०० अंश, ४ तास. कृती लिहिणारा ज्या गावचा असेल, तिथं वीज असते. आपल्याकडं मृगाचा पहिला गडगडाट झाला, की कुठल्यातरी फणसाची फांदी तारेवर येते. भट्टी ५४० वर चढलेली असते आणि दिवे जातात. भट्टीचं दार उघडू नका, बाहेर नुसतं बसून राहा. लाइनमनचा फोन लागत नाही. तो बिचारा खांबावर असतो, भिजत.

आता गणिताचा प्रश्न. दोन तास भाजलं, पाऊण तास वीज गेली, मग दीड तास भाजलं, पुन्हा गेली. एकूण किती तास? उत्तर: ४. नेहमी ४. शोधनिबंधात ‘७०० अंशांवर ४ तास’ याखेरीज काही लिहिण्याची पद्धत नाही. निष्कर्ष विचित्र आलेच, तर ‘कॅटायन रिडिस्ट्रिब्यूशन’ लिहा. यात खोटंही काही नाही. कसं तापवलं, कसं निववलं, यावर कुठला अणू ए जागी बसेल आणि कुठला बी, हे खरोखर बदलतं. झिंक फेराइटचा मोठा तुकडा घेतला तर साध्या तापमानाला चुंबक त्याला विचारत नाही. तेच झिंक फेराइट नॅनोकणांच्या रूपात केलं की ओढलं जातं, कारण काही झिंक वाट चुकून बी जागी जाऊन बसलेलं असतं. महावितरणचे आभार प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मानायला काही हरकत नाही. सहलेखक करू नका, एवढंच.

६. एसटीनं एक्सआरडीला जा

भुकटी स्पिनेल झाली की नुसताच गंज, हे क्ष-किरण सांगतात, आणि क्ष-किरण घाटावर असतात. देवरुखहून साखरपा, तिथून आंबा घाट, मलकापूर, कोल्हापूर. सहा नळ्या सहा डब्यांत घाला, नावं पेन्सिलनं लिहा. पेनाची शाई पावसात वाहून ०.२ चं ०.४ होतं. शेजारच्या सीटवरची आजी नळीकडं बघत राहील आणि घाट लागायच्या आत विचारील, ‘पोरा, मशेरी काय?’ नाही म्हणा. विश्वास बसला नाही तर दुसऱ्यांदा नाही म्हणा. गॅडोलिनियम-मिश्रित कोबाल्ट फेराइट हिरड्यांना लावण्यावर अद्याप एकही शोधनिबंध नाही, पण म्हणून तुम्ही लगेच वहीत टिपून ठेवू नका.

घाटात दरड कोसळली तर घरी परत या आणि वेळापत्रकाच्या रकान्यात ‘साहित्याचा आढावा चालू’ असं लिहा.

निकालाचा आलेख हाती आला की ३५.५ अंशांच्या आसपासचं उंच शिखर शोधा. ते (३११). दिसलं की गाईडना फोन करा. बाकीची (२२०), (४००), (४२२), (५११), (४४०) ही मंडळी असतातच. ३३ अंशांजवळ एखादं अनोळखी शिखर असेल, तर ते बहुधा हेमॅटाइट, म्हणजे आपला घरचा तांबडा गंज. आलेखाची रेषा जरा जाड काढली की ते झाकलं जातं.

आता कणाचा आकार. पॉल शेररनं १९१८ मध्ये सूत्र दिलं: शिखर जितकं रुंद, तितका कण लहान. तांब्याच्या क्ष-किरणाची तरंगलांबी ०.१५४०६ नॅनोमीटर, गुणिले ०.९, भागिले रुंदी आणि कोसाइन. शिखर इतर कारणांनीही रुंद होतं. यंत्रामुळं होतं, स्फटिकातल्या ताणामुळं होतं. त्यांच्याकडं लक्ष देत बसलात तर लग्नाचं वय निघून जाईल. सरळ सूत्र लावा आणि आकार दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत लिहा: २३.४७ नॅनोमीटर. चाळीस टक्के चुकलेला आकडासुद्धा दोन दशांश स्थळं घातली की करारी दिसतो.

७. फोटो

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात कण दिसत नाहीत, ढेकळं दिसतात. खाली वाक्य टाका: ‘कणांमधील चुंबकीय आकर्षणामुळे ते एकत्र आलेले दिसतात.’ सगळे हेच टाकतात. त्यातला एक कोपरा जरा बरा असतो, तो छापा.

८. पवईला जाऊन एस काढून आणा

चुंबकत्व मोजणारं यंत्र म्हणजे व्हीएसएम. नोंदणी करा, नंबर लागायची वाट बघा, पैसे भरा, मग पॅसेंजरनं दिव्यापर्यंत आणि पुढं लोकलनं पवई. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू असेल तर गाडी आणखी सावकाश. (महामार्गानं जाऊ नका. चौपदरीकरण आणि तुमचा प्रबंध यांच्यात शर्यत लावायची ही वेळ नव्हे. पनवेलकडून काम २०११ मध्ये सुरू झालंय, तुमचं अजून कोवळं आहे.)

तुम्हाला इंग्रजी एस अक्षरासारखी वक्ररेषा मिळेल. ती सडपातळ असेल तर लिहा ‘सुपरपॅरामॅग्नेटिक’. ही अवस्था खरीच मोठी गमतीची आहे. कण पुरेसा लहान झाला, की त्याचं चुंबकत्व उष्णतेच्या धक्क्यानं स्वतःच इकडून तिकडं उलटत राहतं; चुंबक जवळ आणला की शिस्तीत, दूर नेला की पुन्हा बेशिस्त. खात्री करायची तर नमुना चुंबकीय क्षेत्राविना थंड करून आणि क्षेत्रात थंड करून, दोनदा तापमानाप्रमाणे मोजावा लागतो. त्याला पुन्हा हेलियम. हेलियमचं वर सांगितलंच. तेव्हा रेषा बघूनच नाव ठेवा.

आकडा कमी आला तरी डगमगू नका. मॅग्नेटाइटच्या ढेकळाचं संपृक्त चुंबकत्व ग्रॅममागं ९२ ईएमयू. नॅनोकणाचं कमीच येतं, कारण पृष्ठभागावरचे अणू तिरके वळतात. कोईनं १९७१ मध्ये हे दाखवलं. तुमचा आकडा ३१ आला तर कोईचं नाव घ्या. तुमच्या नमुन्यात निम्मा गंज असल्यामुळं आकडा ३१ आला असेल, तरीही कोईचंच नाव घ्या.

सावधान: कुतूहल

साधारण दुसऱ्या वर्षी, पोटात गॅसेस व्हावेत तसं काही संशोधकांना कुतूहल होतं. लक्षणं ओळखून ठेवा. सुट्टीत काळबादेवीच्या किनाऱ्यावर गेलात, खिशात चुंबक होता, सहज वाळूवर फिरवलात आणि त्याला काळ्या कणांची दाढी आली. या किनाऱ्यावर इल्मेनाइटची काळी वाळू आहे हे भूगर्भवाल्यांना केव्हाचं माहीत आहे. चुंबकाला चिकटतं त्यात मॅग्नेटाइटच्या जातीचं बरंच असतं. फुकट, भाजलेलं, न तोलता. मनात विचार येतो: यावरच काम करावं का? आणखी घातक म्हणजे, मार्लेश्वराच्या वाटेवर काळ्या कातळाला हात लावताना आठवतं, की सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा निवला तेव्हा त्यातल्या मॅग्नेटाइटच्या बारक्या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून ठेवली. दख्खनच्या खडकांचे नमुने १९५० च्या दशकात मोजले गेले, तेव्हा भारत दक्षिण गोलार्धातून सरकत वर आल्याचा पुरावा त्यांतून निघाला. आमच्या सड्यावरचा दगड आफ्रिकेच्या शेजारून आलेल्या भूमीची साक्ष देतो, आणि आम्ही त्याचे बांध घालतो.

कुतूहल आणखी चिघळलं तर गाळातले जीवाणू आठवतात. रिचर्ड ब्लेकमोरनं १९७५ मध्ये अमेरिकेतल्या चिखलात असे जीवाणू दाखवले, जे पोटात मॅग्नेटाइटच्या स्फटिकांची माळ बाळगतात आणि तिच्या आधारानं दिशा धरून पोहतात. प्रत्येक मणी काही दहा नॅनोमीटरांचा, सगळे एका मापाचे. सायट्रिक ॲसिड नाही, भट्टी नाही, यूजीसीची मान्यता नाही. असे जीवाणू जगभरच्या गाळात सापडतात. संगमावरच्या गाळात एकदा काचपट्टी बुडवून चुंबक धरून बघायला कितीसा खर्च येईल?

हेच ते. असं वाटू लागलं की थंड पाण्यानं तोंड धुवा. समितीपुढं गेल्यावर पहिला प्रश्न येईल, ‘हा विषय फिजिक्सचा का जीवशास्त्राचा?’ दुसरा, ‘यावर आधी किती जणांनी काम केलंय?’ कुणीच नाही म्हणालात, तर संदर्भसूची कशी भरणार? झिंक-मिश्रित कोबाल्ट फेराइटला हा धोका नाही.

अलिबागचंही फार मनावर घेऊ नका. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकसूया हलणार, हे ओळखून नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला सुरू केली. इमारतीला पोरबंदरचा दगड आणला, कारण आपला काळा दगड स्वतःच चुंबकीय. ट्राम धावली १९०७ मध्ये. यंत्राला त्रास होऊ नये म्हणून माणसांनी आधी गाव बदललं, ही फार जुनी गोष्ट झाली. त्यांना एपीआय गुण नव्हते.

९. उपयोग: पहिल्या परिच्छेदात कर्करोग, शेवटच्या परिच्छेदातही

तुमची भुकटी कशासाठी आहे? सगळ्यासाठी. खालची यादी जशीच्या तशी घ्या. हार्ड डिस्क: फेर आणि ग्र्युनबर्ग यांना १९८८ मध्ये नॅनो जाडीच्या चुंबकीय थरांत जे सापडलं, त्यामुळं डिस्कची क्षमता भसाभस वाढली; नोबेल २००७. रक्तक्षय: फेरुमॉक्सिटॉल, लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण, अमेरिकेत २००९ पासून शिरेतून देतात. कर्करोग: मेंदूतल्या गाठीत लोह ऑक्साइडचे कण सोडून बदलत्या चुंबकीय क्षेत्रानं तापवायची जर्मन उपचारपद्धती, युरोपात मान्यता २०१०. कोविड: २०२० मध्ये स्वॅबमधला आरएनए वेगळा करायला कित्येक प्रयोगशाळांत चुंबकीय मणीच वापरले. पाणी: अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात २००६ मध्ये १२ नॅनोमीटरच्या मॅग्नेटाइटनं पाण्यातलं आर्सेनिक पकडून साध्या चुंबकानं बाहेर काढलं.

यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे आणि यातलं काहीही तुमच्या भुकटीनं केलेलं नाही. पण दोन्ही एकाच परिच्छेदात आले की वाचणारा नातं जोडतो. तुम्ही फक्त ‘या कणांचा उपयोग होऊ शकतो’ लिहा. ‘शकतो’ हे क्रियापद कुठलाही उंदीर न मारता वैद्यकीय संशोधन करतं.

‘जलशुद्धीकरण’ लिहिताना जरा बेतानं. मे महिन्यात तालुक्यातल्या वरच्या वाड्यांना टँकर लागतो. गावात व्याख्यान द्यायची वेळ आली, तर समोरची बाई विचारील, ‘शुद्ध कराल हो, पण पाणी?’ हा प्रश्न संदर्भसूचीत नाही.

१०. परिषद

नारळ, शाल, दीपप्रज्वलन. पाहुणे उशिरा येतात, म्हणून तुमची दहा मिनिटं तीन होतात. शीर्षक वाचा आणि आभार माना. परदेशातला एखादा गृहस्थ पडद्यावर येऊन ‘म्यूट’ अवस्थेत बोलून गेला, की परिषद आंतरराष्ट्रीय.

११. छापा

२०१६ च्या नियमांप्रमाणे प्रबंधाआधी एक शोधनिबंध आणि दोन परिषदा सक्तीच्या होत्या. २०२२ मध्ये ती सक्ती गेली. हुरळून जाऊ नका. नोकरीच्या मुलाखतीत मोजायला काहीतरी लागतंच, आणि वाचण्यापेक्षा मोजणं लवकर आटपतं. बोगस नियतकालिकांना आळा घालायला यूजीसीनं केअर यादी आणली होती, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आता कुठलं नियतकालिक खरं ते ज्यानं त्यानं ठरवायचं. ज्याची ‘आपण थोर संशोधक आहात’ अशी मेल पहाटे तीनला येते आणि ज्याला समीक्षेला दोन दिवस पुरतात, ते कुठलं हे तुम्हाला कळतंच. कळतं म्हणूनच विचारत नाही.

नकलेबाबत २०१८ चा नियम उदार आहे: १० टक्क्यांपर्यंत साम्य माफ. अडचण अशी, की झिंक-मिश्रित कोबाल्ट फेराइटची कृती हजार जणांनी केली असेल तर ती हजार तऱ्हांनी कशी सांगणार? ‘नायट्रेटे विरघळवली’च्या जागी ‘नायट्रेटांचे विद्रावण साधण्यात आले’ करा. भाषेची प्रकृती बिघडते, टक्केवारी सुधारते.

१२. व्हायव्हा

बहिःस्थ परीक्षक घाटावरून येतात. सुरमई आधी ठरवून ठेवा, प्रश्न त्यानंतर सौम्य होतात. ते विचारतील, ‘यात नावीन्य काय?’ उत्तर: ‘सर, ह्या प्रमाणात, ह्या तापमानाला हे आजवर कुणी केलेलं नाही.’ हे तंतोतंत खरं असतं. परीक्षक मान हलवतात. त्यांच्याही प्रबंधात हेच वाक्य होतं.

खरा धोका मागच्या रांगेत आहे. तिथं आई बसलेली असते, ठेवणीतलं पातळ नेसून. भाषणं संपल्यावर ती सगळ्यांसमोर विचारील, ‘मंग त्या भुकटीचा करायचा काय रं?’ परीक्षकांनीही हेच विचारलं होतं, पण ते उत्तरासाठी थांबले नव्हते. तिला लगेच चहाकडं न्या.

१३. गाईड व्हा

आता तुम्ही डॉक्टर. फ्लेक्स लागला, उतरला, त्याची ताडपत्री कुणाच्या तरी लाकडांवर गेली. काही वर्षांत गाईडची मान्यता येते आणि पहिली विद्यार्थिनी दारात उभी राहते. हातात दुधाची धुतलेली पिशवी, पिशवीत काळी वाळू.

‘सर, काळबादेवीची आहे. चुंबकाला चिकटते. मला बघायचंय यातल्या कणांचा आकार किती आहे, आणि भरतीरेषेप्रमाणं बदलतो का.’

तिला बसायला सांगा. पाणी द्या. प्रश्न चांगला आहे म्हणा. चांगल्या प्रश्नाचं कौतुक करायला काही लागत नाही. मग खणातून तक्ता काढा आणि दाखवा की झिंक झालंय, मॅग्नेशियम झालंय, गॅडोलिनियम तुमचंच आहे. कॅडमियम मात्र आपल्या विभागात कुणी केलेलं नाही. शीर्षकही देऊन टाका: ‘कॅडमियम-मिश्रित कोबाल्ट फेराइट नॅनोकण: संश्लेषण आणि जैववैद्यकीय उपयोग’.

‘सर, पण कॅडमियम विषारी ना?’

‘म्हणून तर प्रमाण ०.२ पासून सुरू करायचं. आणि हे बघ, नायट्रेट मे महिन्यातच तोलून घे.’

वाळूची पिशवी परत देऊ नका. भट्टीचं दार हल्ली नीट लागत नाही, टेकू द्यायला बरी पडते.